स्टिअरिंग हेडमध्ये घट्ट बसलेल्या बेअरिंग रेस कशा काढाव्यात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटरसायकलच्या हँडलचा कोन सेट, म्हणजे स्टिअरिंग हेडमधली (हँडल जिथे फ्रेमला जोडून फिरते तिथली) बेअरिंग, बदलण्याच्या कामात नवे बेअरिंग बसवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ जुन्या रेस बाहेर काढण्यात जातो. अडकलेली रेस बहुतेक वेळा जोर कमी पडल्यामुळे अडकलेली नसते. हातोड्याचा घाव तिच्यापर्यंत पोहोचतच नसतो, किंवा पोहोचला तरी तो तिला सरळ सरकवण्याऐवजी तिरकी करत असतो. पुढची बरीच उत्तरे या एकाच निरीक्षणावर उभी आहेत.

रेस म्हणजे नेमके काय, आणि एकूण किती काढायच्या असतात?

बेअरिंगच्या गोळ्या किंवा रोलर ज्या दोन कडक पोलादी कड्यांच्या मध्ये फिरतात, त्या कड्या म्हणजे रेस. स्टिअरिंग हेडमध्ये वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंग असल्यामुळे रेस एकूण चार होतात. वरची बाहेरची आणि खालची बाहेरची, ज्यांना काही जण वाट्या म्हणतात, त्या फ्रेमच्या हेड ट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या टोकाच्या नळीत, दाबून बसवलेल्या असतात. खालची आतली रेस स्टेमच्या (या नळीतून जाणाऱ्या, हँडलबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या) बुडाशी घट्ट दाबलेली असते, तर वरची आतली रेस बहुतेक गाड्यांत स्टेमवर सैल सरकते आणि हातानेच निघते. डोकेदुखी होते ती उरलेल्या तिघींची, आणि त्यातही खालच्या दोघींची, कारण पुढच्या चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल आधी त्यांच्याकडे जातो.

रेस तशाच ठेवून फक्त गोळ्या बदलल्या तर चालणार नाही का?

चालणार नाही. गाडी बहुतांश वेळ सरळ धावत असल्यामुळे गोळ्या रेसवर त्याच त्या जागी बसून हादरे खात असतात, आणि कालांतराने तिथे बारीक खळगे पडतात. पुढचे चाक उचलून हँडल दोन बोटांनी हलके फिरवले की ते बरोबर मधोमध आल्यावर टक्कन अडकल्यासारखे वाटते, ते या खळग्यांमुळे. रेस पुसून स्वच्छ केल्यावर तिच्या मार्गावरून नख फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खळगा नखाला लागतो. अशा रेसवर नव्या गोळ्या टाकल्या तर त्याही जुन्याच खळग्यांत जाऊन बसतात. बाहेरची रेस जुनी आणि आतली नवी, असा मेळही घालू नये. दोन्ही नेहमी जोडीने बदलाव्यात.

ठोकाठोकी सुरू करण्यापूर्वी गाडी किती उघडावी लागते?

पुढचे चाक, फोर्कचे (चाक धरणाऱ्या चिमट्याचे) पाय, हँडल, ते पाय वरून धरणारी वरची प्लेट आणि स्टेम हे सगळे काढावे लागते. ब्रेकचे कॅलिपर होजवर लोंबकळत न सोडता तारेने टांगून ठेवावे. इंधनाची टाकीही काढून दूर ठेवावी. ठोकताना तिला पोचे पडू नयेत हे एक कारण झाले, आणि पुढे उष्णता किंवा वेल्डिंगची वेळ आली तर ती जवळ असणे सरळ धोक्याचे आहे. गाडीला इंजिनाखालून असा आधार द्यावा, की हेड ट्यूबवर घाव घातल्यावर ती हलणार नाही. डुलणारी गाडी निम्मा घाव स्वतःच गिळून टाकते. सुट्या गोळ्यांचा सेट असेल तर स्टेम खाली उतरवताना खाली एक कापड पसरावे आणि वर किती व खाली किती गोळ्या निघाल्या ते लिहून ठेवावे, कारण दोन्हीकडची संख्या वेगवेगळी असू शकते.

या रेस इतक्या घट्ट का बसलेल्या असतात?

मुळात त्या तशाच बसवलेल्या असतात. रेसचा बाहेरचा व्यास हेड ट्यूबच्या बैठकीपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे दाबून बसवल्यावर नळी तिला सगळीकडून आवळून धरते. नवीन असताना ही पकड फार मोठी नसते. पुढे फटीत शिरलेले पाणी गंज तयार करते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि त्या वाढलेल्या जागेसाठी तो रेस आणि नळी यांच्यामध्ये पाचरीसारखा रेटत राहतो. अशा वेळी पेनिट्रेटिंग ऑइल (बारीक फटीत झिरपणारे पातळ तेल) दोन्ही बाजूंनी सोडून रात्रभर ठेवले तर फायदा होतो. मात्र फट इतकी बारीक असते की तेलाला वेळ द्यावा लागतो. फवारून लगेच हातोडा उचलण्याने काही साधत नाही.

पंच (घाव पोहोचवणारी पोलादी सळई) टेकवायला रेसचा काठच सापडत नाही. काय करावे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त फ्रेम बिघडवणारा प्रश्न हाच आहे.

हेड ट्यूबच्या आत प्रत्येक रेसच्या मागे एक पायरी असते, आणि रेस तिच्यावर टेकून बसते. या पायरीचा आतला व्यास रेसच्या आतल्या व्यासापेक्षा मोठा असेल, तर विरुद्ध बाजूने पाहताना रेसचा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा काठ आत डोकावताना दिसतो आणि पंच त्यावर टेकवता येतो. काही फ्रेममध्ये पायरी पूर्ण गोल असते, पण तिच्यात समोरासमोर दोन खाचा ठेवलेल्या असतात, म्हणजे पंच तेवढ्याच दोन ठिकाणी रेसला भिडू शकतो. तर काही फ्रेममध्ये पायरी आणि रेस आतून अगदी एका पातळीत असतात, आणि पंचासाठी काहीच उरत नाही.

तुमची फ्रेम यांपैकी कोणती, ते हातोडा हातात घेण्यापूर्वी ठरवले पाहिजे. हेड ट्यूब आतून केरोसीनने धुऊन, फडक्याने कोरडी पुसून, विजेरीचा प्रकाश विरुद्ध टोकाकडून टाकावा. जुने ग्रीस आणि गंज यांच्या थराखाली काठ सहज लपतो. मग टोक वाकवलेली तार किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर नळीच्या भिंतीवरून रेसच्या दिशेने सरकवत न्यावा; काठ असेल तर टोक तिथे अडते. हे पूर्ण वर्तुळभर करावे, कारण खाचा फक्त दोनच जागी असू शकतात.

हे इतक्या बारकाईने लिहिण्याचे कारण माझ्याच हातून घडलेली चूक आहे. एका जुन्या गाडीची खालची रेस मी जवळजवळ तासभर ठोकत होतो. प्रत्येक घावाला पंच नीट टेकल्यासारखा वाटत होता, आवाजही भरीव येत होता, आणि रेस केसभरही हलत नव्हती. शेवटी विजेरी घेऊन वाकून पाहिले तेव्हा नळीच्या आत चंद्रकोरीसारखी एक चकचकीत खूण दिसली. ती रेसवर नव्हती, फ्रेमच्या पायरीवर होती. म्हणजे तासभर मी रेस नव्हे, फ्रेमच बाहेर काढायचा प्रयत्न करत होतो. पंचाने उजळलेली जागा करड्या, मऊ धातूची आणि दबलेली दिसली तर ती फ्रेम आहे असे समजावे. रेसचे पोलाद इतके कडक असते की त्यावर पंचाची खूण फारशी उमटत नाही. उलट पंचाचेच टोक चेपते.

काठ दिसतो आहे, पंचही बसतो आहे, तरी रेस हलत नाही. ठोकण्याची योग्य पद्धत कोणती?

वरची रेस खालून वर आणि खालची रेस वरून खाली ठोकायची असते, म्हणून पंच हेड ट्यूबच्या लांबीपेक्षा बराच मोठा हवा. तीस सेंटिमीटरच्या आसपासची सळई सोयीची पडते. तिचे टोक गोलावलेले नसावे. ते काटकोनात सपाट घासून कोपरा धारदार ठेवावा, म्हणजे अरुंद काठावरून ते घसरत नाही.

पहिला घाव एका जागी घातला, तर दुसरा बरोबर समोरच्या जागी घालावा, तिसरा आणि चौथा त्यांच्या मधल्या दोन बाजूंना. एकाच जागी सलग ठोकले की रेसची ती बाजू पुढे जाते, समोरची मागे राहते आणि रेस नळीत तिरकी होऊन पाचरीसारखी अडकते. त्यानंतर प्रत्येक घाव तिला आणखी घट्ट करतो. रेस तिरकी झाल्याची शंका आली तर पुढे गेलेली बाजू बाहेरून थोडी मागे ठोकून रेस आधी सरळ करावी आणि मगच पुढे जावे. हे कमीपणाचे वाटते, पण वेळ वाचवते.

हातोडा किलोभर वजनाचा असावा. हलक्या हातोड्याचे पंचवीस घाव जे करत नाहीत, ते जड हातोड्याचे चार मोजके घाव करतात, कारण हलका घाव सळईच्या थरथरीतच विरून जातो.

पंच पितळी असावा की पोलादी?

बसवताना पितळी, काढताना पोलादी. पितळ रेसला इजा करत नाही हे खरे, पण जी रेस फेकूनच द्यायची आहे तिला जपण्याचे कारण नाही. अरुंद काठावर पितळी टोक दोन-चार घावांतच फुलते आणि घसरून पायरीवर येते. मात्र कोणताही पंच वापरताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे. रेसचे पोलाद कडक असते तसेच ठिसूळही असते, आणि त्याची बारीक कपची उडाली तर ती कुठे जाईल ते सांगता येत नाही. त्याच कारणाने हातोडा थेट रेसवर कधीही मारू नये.

नळी तापवल्याने रेस सैल होते का?

होते, पण किती होते याचा हिशेब डोक्यात असावा. पोलादाची ४८ मिमी व्यासाची नळी ८० अंश सेल्सिअसने तापवली तर तिचा व्यास सुमारे ०.०५ मिमीने वाढतो. घट्ट बसवणीसाठी ठेवलेला फरक साधारण याच घरातला असतो, म्हणून ही वाढ उपयोगी पडते. अट एवढीच की नळी तापावी आणि रेस थंड राहावी. रेसही पोलादाचीच असल्यामुळे दोन्ही सारख्याच तापल्या तर दोन्ही सारख्याच फुगतात आणि पकड जशीच्या तशी राहते. म्हणून हीट गन बाहेरून, नळीभोवती सतत फिरवत ठेवून, झटपट तापवावे आणि उष्णता रेसपर्यंत पोहोचण्यापूर्वी ठोकायला सुरुवात करावी. नळीवर टाकलेला पाण्याचा थेंब चुरचुरून उडून गेला की तापमान पुरेसे झाले. रंग वाचवायचा असेल तर त्यापुढे फार जाऊ नये, आणि उघडी ज्योत तर टाळावीच. गंजलेल्या रेसच्या बाबतीत दोन-तीनदा तापवून थंड होऊ देण्याने गंजाचा थर तडकतो आणि मग पेनिट्रेटिंग ऑइलही आत शिरते.

रेसवर वेल्डिंग केले की ती आपोआप निघते, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि काठ नसलेल्या रेससाठी माझ्या मते याहून चांगला उपाय नाही. ज्याने पहिल्यांदा पाहिले त्याला ही हातचलाखी वाटते, म्हणून ती का घडते ते समजून घ्यावे.

रेसच्या आतल्या पृष्ठभागावर, जिथे गोळ्या फिरतात त्या मार्गावरून, वेल्डिंगची एक सलग रेघ गोल ओढली जाते. रेघेखालचे पोलाद लालबुंद होऊन फुगू पाहते, पण बाहेरून नळी आणि मागून रेसचाच थंड भाग त्याला फुगू देत नाही. तापून मऊ झालेला तो भाग जागच्या जागी दाबला जाऊन जाड होतो. थंड होताना मात्र त्याला आकसण्यापासून कोणी अडवत नाही. परिणामी तो मूळ मापापेक्षा लहान होतो आणि संपूर्ण रेसला आपल्याबरोबर आत ओढतो. गरज असते ती मिलिमीटरच्या काही शतांश आकुंचनाची, आणि एक सलग रेघ तेवढे सहज देते. नीट साधले तर रेस गार झाल्यावर बोटाने ढकलूनही निघते. खालची रेस तर कधी कधी आपणहून जमिनीवर पडते, आणि त्या टणत्काराइतका सुखाचा आवाज या कामात दुसरा नाही.

यात संयम महत्त्वाचा. रेस गरम असताना ती सैल नसते. आकसण्याची क्रिया थंड होतानाच घडते. म्हणून वेल्डिंग संपताच ठोकू नये, ती हात लावण्याइतकी गार होऊ द्यावी. पाणी ओतून घाई करू नये. पूर्ण वर्तुळ जमत नसेल तर समोरासमोर दोन लांब रेघा ओढाव्यात, आणि त्यांनी भागले नाही तर मधल्या जागा भराव्यात.

वेल्डिंग करताना कोणती काळजी घ्यावी?

बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात, आणि गाडीत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असेल तर त्याचे कनेक्टरही काढून ठेवावेत. अर्थचा चिमटा शक्य तितका रेसच्या जवळ, हेड ट्यूबच्या उघड्या धातूवर लावावा. मागच्या चाकाशी लावला तर विद्युतप्रवाह वाटेतल्या बेअरिंगमधून जातो आणि ती खराब होतात. रेघ रेसच्या मधोमध ठेवावी. ती घसरून काठापर्यंत गेली आणि रेस फ्रेमलाच चिकटली, तर सोप्या कामाचे अवघड काम होते.

एक इशारा वेगळा सांगितला पाहिजे. रेस वेल्डिंगपूर्वी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने मुळीच पुसू नये. असा द्रावक वेल्डिंगच्या उष्णतेत विघटन पावून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार करू शकतो, आणि त्यासाठी फटीत राहून गेलेले थोडे थेंबही पुरतात. ग्रीस कोरड्या फडक्याने पुसावे, मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. आधी केरोसीन वापरले असेल तर तेही याच रीतीने संपूर्ण काढून टाकावे. जवळ अग्निशामक असावा, कारण नळीच्या आत उरलेले ग्रीस पेट घेते.

वेल्डिंग मशीन नसेल तर?

आत शिरून फाकणारा बेअरिंग पुलर आणि त्याला जोडलेला स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाने बाहेरच्या दिशेने झटके देणारे साधन) हा दुसरा सरळ मार्ग आहे. त्याच्या जबड्यांना रेसच्या मागे बारीकशी का होईना फट लागते. फट नसली तर छोट्या रोटरी ग्राइंडरने रेसच्या आतून, समोरासमोर दोन चिरा पाडाव्यात. चिर रेसच्या जवळजवळ पूर्ण जाडीइतकी खोल न्यावी, पण नळीला लागू देऊ नये. पहिल्या चिरेनंतरच रेसचा ताण सुटतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच ती ढिली पडते. नाही पडली तर चिरेत छिन्नीचे टोक ठेवून एक घाव घातला की रेस कट्कन तडकते, आणि मग तिला धरून ठेवणारे काही उरत नाही. हॅक्सॉ किंवा कानस यांच्या नादी लागू नये, कारण रेसचा कडकपणा त्यांच्या दातांच्या तोडीचा असतो आणि पाते नुसते घसरत राहते.

तिसरा पर्याय म्हणजे फ्रेम घेऊन एखाद्या वेल्डरकडे जाणे. बाकी सगळे आधीच उघडून नेले तर हे काही मिनिटांचे काम आहे.

स्टेमवरची खालची रेस कशी काढावी?

इथे सगळा हिशेब उलटा होतो. फ्रेममधली रेस बाहेरून आवळलेली असते, ही रेस स्वतःच स्टेमला आवळून असते. तिच्याखाली धुळीचे सील असते आणि त्याखाली खालची प्लेट, म्हणजे पुलरचे जबडे घालायला जागा जवळपास नसते.

पहिला प्रयत्न छिन्नीचा करावा. गोळ्यांचा किंवा रोलरचा पिंजरा आधी कापून काढावा, म्हणजे रेस मोकळी दिसते. स्टेम शिकंज्यात लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये धरावा आणि पातळ, रुंद छिन्नी रेस व प्लेट यांच्या फटीत आडवी घालून हलके ठोकावे. एक बाजू जराशी उचलली की स्टेम फिरवून समोरची बाजू घ्यावी. पहिला मिलिमीटर सर्वांत चिवट असतो. तेवढी फट झाली की दोन छिन्न्या समोरासमोर पाचरीसारख्या घालता येतात किंवा बेअरिंग सेपरेटर (रेसखाली दोन बाजूंनी घुसून ती उचलणारे दुभंगी साधन) बसवता येतो. सील यात फाटते, आणि ते नव्या सेटबरोबर बदलायचेच असते. खालची प्लेट ॲल्युमिनियमची असेल तर छिन्नीखाली पत्र्याचा तुकडा ठेवावा, नाहीतर रेसऐवजी प्लेटच कापली जाते.

छिन्नीला दाद मिळाली नाही तर ग्राइंडर घ्यावा. रेसवर तिरकी, म्हणजे स्टेमच्या अक्षाशी थोडा कोन करणारी चिर पाडावी. सरळ चिरेत चकती एकाच रेषेत खोल जाते आणि केव्हा स्टेमला भिडली ते कळत नाही. तिरक्या चिरेत शेवटचा पातळ पापुद्रा डोळ्यांना दिसतो. चकती त्या पापुद्र्याच्या अलीकडे थांबवावी, चिरेत छिन्नी ठेवावी आणि एकच ठाम घाव घालावा. रेस तडकल्याचा आवाज वेगळा, कोरडा असतो. नंतर ती हातानेही वर सरकते.

मग स्टेमच्या रेसवरही वेल्डिंगची रेघ ओढली तर?

हा सल्ला ऐकण्यापूर्वी वरचा हिशेब पुन्हा आठवावा. वेल्डिंगची रेघ थंड होताना कडीला लहान करते. फ्रेममधली कडी लहान झाली तर ती सुटते, पण स्टेमवरची कडी लहान झाली तर ती स्टेमला आणखी आवळते. स्टेमच्या रेसवर वेल्डिंग करणारे लोक आहेत आणि त्यांची रेस निघतेही, पण ती निघते तापून फुगलेली असताना, काही सेकंदांच्या आत ठोकली तरच. ती वेळ हुकली की हातात आधीपेक्षा वाईट अवस्था उरते. म्हणून इथे कापणे हाच मार्ग मी निवडतो.

ग्राइंडरची चकती चुकून स्टेमला लागली. स्टेम बाद झाला का?

ओरखडा बारीक असेल आणि त्यावर बोट फिरवून फक्त खरखर जाणवत असेल, तर वर आलेली किनार बारीक पॉलिश पेपरने घासून स्टेम वापरता येतो. चिर खोल असेल, नख तिच्यात पूर्ण अडकत असेल, तर मात्र स्टेम बदलावा. ब्रेक मारताना पुढच्या फोर्कचा सगळा ताण स्टेमच्या बुडाशी एकवटतो, आणि चिर असलेल्या जागेपासूनच तडा सुरू होतो. इथे काटकसर करू नये.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमसाठी काही वेगळे आहे का?

ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे उष्णता इथे खरी मदत करते: तापमान सारखे वाढले तरी नळी रेसपेक्षा जास्त उघडते. त्याच ४८ मिमी व्यासाला ८० अंशांनी सुमारे ०.०९ मिमी वाढ मिळते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हा धातू मऊ आहे, तिरक्या रेसने त्यात लगेच खोबण पडते आणि पायरीवर बसलेला चुकीचा घाव तिला वाकवतो. हीट गन आधी, हातोडा नंतर, आणि तोही हलका. उघड्या ज्योतीने तापवू नये, कारण ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही आणि जास्त तापल्यास त्याची मूळ ताकद कायमची घटते.

रेस निघाली, पण नळीच्या आत ओरखडे पडले आहेत.

उभे, बारीक ओरखडे फारसे बिघडवत नाहीत. वर उठलेली किनार मात्र पॉलिश पेपरने किंवा अर्धगोल बारीक कानशीने काढून टाकावी, आणि फक्त किनारच काढावी. बैठकीचा मूळ पृष्ठभाग घासू नये. रेस ज्या पायरीवर टेकते तिच्यावर ठोकल्याचे उंचवटे राहिले असतील तर तेही सपाट करावेत, नाहीतर नवी रेस एका बाजूने उचललेली बसते आणि हँडल कधीच नीट जुळत नाही.

नवी रेस हाताने दाबूनच आत जात असेल तर बैठक सैल झाली आहे. फरक अगदी थोडा असेल तर बेअरिंगसाठी बनवलेले रिटेनिंग कंपाउंड (फटीत घट्ट होणारा चिकट द्रव) लावून ती पक्की करता येते. नळीला आतून पंचाने ठिपके पाडून रेस घट्ट करण्याचा जुना उपाय करू नये, कारण रेस त्या मोजक्या ठिपक्यांवरच टेकते आणि काही दिवसांत पुन्हा हलू लागते.

नवी रेस पुन्हा अशी अडकू नये म्हणून बसवताना काय करावे?

नवी रेस काही तास फ्रीजरमध्ये ठेवावी. उणे १८ अंशांपर्यंत गार झालेली ४८ मिमीची रेस सुमारे ०.०२५ मिमीने आकसते. म्हटले तर काहीच नाही, पण पहिल्या घावाला ती सरळ शिरते की तिरकी, हे तेवढ्यावर ठरते. बैठकीवर ग्रीसचा पातळ हात फिरवावा, म्हणजे पुढच्या वेळी गंज आडवा येणार नाही. आट्यांची लांब सळई, दोन जाड वॉशर आणि दोन नट घेऊन रेस हळूहळू आत ओढून घेणे हा सर्वांत सभ्य मार्ग आहे, कारण त्यात ती तिरकी होण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

ठोकूनच बसवायची असेल तर जुनी रेस नवीवर उलटी ठेवून तिच्यावर लाकूड ठेवावे. मात्र जुनीचा बाहेरचा घेर आधी ग्राइंडरवर थोडा कमी करावा. हे न करता जुनी रेस नवीच्या मागोमाग नळीत घट्ट बसवून ठेवणारे, आणि मग हे सगळे उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचणारे, बरेच भेटतात. रेस पायरीवर टेकली की घावाचा आवाज बदलतो: बदबद थांबून टणक, घणघणीत नाद येतो. नंतर विरुद्ध बाजूने ०.०५ मिमीचे फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पत्र्याची पट्टी) रेस आणि पायरी यांच्यामध्ये फिरवून पाहावे; ते कुठेही शिरता कामा नये. पायरी रेसच्या आड लपलेली असेल तर विजेरी टाकून सगळीकडे सारखेच अंतर दिसते का ते पाहावे.

स्टेमवरची आतली रेस बसवताना आधी धुळीचे सील घालायला विसरू नये. नवे बेअरिंग तापवायचे असेल तर ते १२० अंशांच्या आत ठेवावे, आणि पाइपने खाली ठोकताना पाइप फक्त आतल्या कडीवर टेकेल असा निवडावा. घाव पिंजऱ्यावर गेला तर नवे बेअरिंग जुने व्हायला एक क्षण पुरतो.

सगळे बसवल्यावर हँडलचा नट किती आवळावा?

आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा, कारण गोळ्यांच्या आणि टेपर (निमुळत्या) रोलरच्या सेटसाठी तो वेगळा असतो. पद्धत मात्र सारखी आहे. आधी नट जरा जास्त आवळून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवावे, म्हणजे रेस आणि रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करून सांगितलेल्या मापाने पुन्हा आवळावा. चाक अधांतरी असताना हँडल मध्यापासून हलके ढकलले तर ते स्वतःच्या वजनाने टोकापर्यंत गेले पाहिजे, आणि फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवली तर खडखड लागू नये. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर नवी रेस थोडी अजून टेकते आणि नट किंचित सैल पडतो, तेव्हा ही तपासणी पुन्हा एकदा करावी.